कप्तान 'येतो' म्हणाले होते

मधू मंगळवारी गेला. सकाळी त्यानं चहा घेतला, गाडी बाहेर काढली, "येतो बाई," म्हणाला आणि कामावर गेला. दुपारी फोन आला.

मधू माझा धाकटा भाऊ. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मी त्याची बाई. त्याच्यामुळे त्याच्या बायकोची, शोभाचीही बाई. आणि गावच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे बाकीच्या गावाची मॅडम. मधू वायरमन होता. पण चिमूरच्या पुढच्या आमच्या गावात त्याला मधू म्हणून हाक मारली असती, तर त्यानं स्वतःनंही वळून पाहिलं नसतं. सगळे त्याला कप्तान म्हणत. हे नाव त्याला एका टीव्ही मालिकेनं दिलं होतं, आणि ती मालिका त्यानं जवळजवळ पाहिलेलीच नव्हती!

तेव्हा गावात टीव्ही एकच होता, आमच्या ओसरीत. रविवारी संध्याकाळी 'ध्रुवयान' लागायचं. एक यान आकाशात वाट चुकलेलं आहे, त्याचा कप्तान दर आठवड्याला एका नव्या ग्रहावर उतरतो आणि दर आठवड्याला तो ग्रह आपला नाही असं निघतं, एवढीच गोष्ट. ओसरीत पन्नास माणसं बसायची. मधू मात्र छपराच्या कवेलूंवर उभा असायचा, अँटेनाचा दांडा दोन्ही हातांनी धरून. दांडा सोडला की चित्र जायचं. पन्नास माणसांचं अंतराळ त्या सतरा वर्षांच्या पोराच्या मनगटावर उभं होतं.

मी खिडकीत. माझं काम, चित्र कसं आहे ते वर सांगायचं.

"दिसते काय, बाई?"

"मुंग्या!"

"आता?"

"दोन कप्तान दिसून राह्यले!"

"त्यातला खरा कोणता?"

भाग संपला की तो खाली उतरायचा, आणि काय काय झालं ते मी त्याला सांगायचे. म्हणजे 'ध्रुवयान' त्यानं पाहिलं नाही, ऐकलं. तेही माझ्याकडून. मी बी.ए.ची परीक्षा देत होते आणि माझ्या हातात कायम एखादी कादंबरी असे, तेव्हा ऐकवण्याचा दर्जा कसा असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

आता माझा गुन्हा सांगते.

मालिकेच्या शेवटच्या भागाच्या दिवशी गावात शंकरपट होता. बैलजोड्या धावणार म्हटल्यावर अंतराळात कोणाला रस असणार? अख्खं गाव पटावर गेलं. घरी आम्ही दोघंच. मधू वर, मी खिडकीत, मांडीवर कादंबरी. कादंबरी शेवटच्या पन्नास पानांवर आलेली. टीव्हीतून खरखर येत होती, पण ती रोजचीच. मी मान वर केली नाही. एकदाही नाही.

"दिसते काय, बाई?"

"दिसते, दिसते!"

"कप्तान कुठी पोचला?"

"दरवाज्यापाशी!" (मागच्या आठवड्यात तो एका दरवाज्यापाशी पोचला होता. तेवढं मला आठवत होतं.)

"मंग? उघडला काय?"

इथं मी पुस्तकात बोट घालून ठेवलं आणि डोळे मिटून सांगितलं, "उघडला. आत अंगण आहे. अंगणात मोहाचं झाड आहे. कप्तानानं मागं पाह्यलं, हात हलवला, आन् म्हणाला, येतो."

 मग मधूनं विचारलं, "येतो म्हणाला? जातो नाई म्हणाला?"

"येतो म्हणाला."

"मंग तो येते," मधू म्हणाला.

आपल्याकडे निघताना कोणी जातो म्हणत नाही. मी अंतराळातल्या माणसाच्या तोंडी घरचा शब्द घातला होता, तोही घाईत, कारण माझी पन्नास पानं राहिली होती. मधूनं तो शब्द पस्तीस वर्षं धरून ठेवला. दांडा धरायचा तसाच. वायरमन झाला, लग्न झालं, केस पिकले. खांबावर चढलेला असतानाही खालून कोणी विचारायचं, "काय गा कप्तान, तुहं यान कुठवर आलं?" आणि तो वरून सांगायचा, "येऊन राह्यलं. तो येतो म्हणाला आहे. ज्या दिवशी येईन न, साऱ्या गावाले समाजमंदिरात दाखवीन!"

मी त्याला खरं सांगितलं नाही. आधी सांगायचं राहिलं, मग सांगायला उशीर झाला, आणि नंतर तर तो शेवट सगळ्या गावाचा झाला. कोणाच्याही सुनेला विचारलं तरी ती सांगायची की कप्तान मोहाच्या झाडाखाली गेला.

मधू गेल्यावर पाच महिन्यांनी शोभा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाच महिन्यांत ती माझ्याशी 'जेवता काय' आणि 'दार लावलं काय' एवढंच बोलली होती. मीही तिच्याशी तेवढंच.

"बाई, ते यानवालं पुन्हा येऊन राह्यलं म्हणते. पुढच्या रविवारी, सहा वाजता. कप्तान तोच आहे, म्हातारा झाला."

मी पुस्तक मिटलं. मधूसारखा तो कप्तानही येतो म्हणाला होता, आणि तो आला! तो आला, आणि वाट पाहणारा नाही. तेव्हा मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, मधूच्या मनासारखं साऱ्या गावाला समाजमंदिरात दाखवायचं. दुसरी मी कोणाला सांगितली नाही. त्या दरवाज्याच्या मागं खरोखर काय होतं ते पाहायचं, आणि घरी आल्यावर मधूच्या फोटोला जे खरं आहे ते सांगायचं.

गावाला कळवायचं म्हणजे गजाननचा ऑटो. गजानन माझा विद्यार्थी, आता चाळिशीचा. त्याच्या ऑटोवर भोंगा आहे. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांची जाहिरात त्यातूनच होते, आणि वाघ शिवारात उतरला तर 'सरपणाला जाऊ नका' हेही त्यातूनच कळतं. दोन्हीला त्याचा आवाज एकच लागतो, थरथरता.

मी त्याला मजकूर लिहून दिला. आजही तो मला पाठ आहे, कारण लिहून झाल्यावर मी तो तीनदा वाचला होता आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही म्हणून समाधानानं चहा घेतला होता.

'आपल्या सर्वांचे लाडके कप्तान प्रदीर्घ काळानंतर परत येत आहेत. रविवारी सायंकाळी सहा वाजता, समाजमंदिरात. सर्वांनी अवश्य उपस्थित राहावे.'

मालिकेचं नाव मी घातलं नाही. अवतरणचिन्हं भोंग्यातून ऐकू येत नाहीत, असा माझा विचार! तीस वर्षं मी मुलांना संदिग्ध वाक्यं शोधायला लावली. उदाहरणं मला पुस्तकातून घ्यावी लागत. आता एक घरचं आहे.

शुक्रवारी मी चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. शोभा तिच्या बहिणीकडे. त्यामुळे गजाननचा ऑटो गल्ली गल्ली फिरला तेव्हा आमच्या घराला कुलूप होतं.

शनिवारी सकाळी आमच्या अंगणात एक शिडी उभी होती.

शेजारचे पुंडलिकभाऊ तिच्याजवळ टोपी काढून उभे. "कप्तानची आहे, मॅडम. दोन वर्षं झाले, नेली होती. म्हटलं, ते यायच्या आंधी जागेवर ठेवून द्यावं. उगाच चिडतीन."

मला वाटलं, दुःखी माणसाला धीर द्यायची ही त्यांची रीत असावी. मी म्हटलं, "राहू द्या न, भाऊ."

"नाई नाई. आन् एक पुसाचं होतं. तुम्ही उपास धरला काय?"

"कशाचा?"

"म्हणजे नाई धरला!" पुंडलिकभाऊंनी कपाळावर हात मारला. "मॅडम, तुमाले सवय नाई म्हून सांगतो. उपाशीपोटी लवकर येते."

"काय लवकर येते?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरोबर आहे. बोलू नये त्याच्यावर."

दुपारपर्यंत एक पक्कड, दोन टेस्टर, एक वायरचं बंडल आणि अर्धी बादली सिमेंट परत आलं. सोबत तीन नारळ आणि बरीच लिंबं. मग बुधाबाई आली. बुधाबाई जंगलाच्या कडेला राहते. तिच्या झोपडीला पहिला दिवा मधूनं लावून दिला होता. तिनं पदराच्या गाठीतून मोहाची सुकी फुलं काढून माझ्या हातावर ठेवली.

"आमच्यात गेलेलं मानूस येते घरी," ती म्हणाली. "तुमच्यात बी येते, हे मले माहीत नोतं. चांगलं झालं."

मी शोभाकडे पाहिलं. शोभा लिंबांकडे पाहत होती. मग एकाएकी तिनं पदर तोंडात कोंबला.

"बाई! कप्तान येणार! समाजमंदिरात, सहा वाजता! लोकाईले वाटून राह्यलं का तुमच्या अंगात येणार!"

आणि ती हसायला लागली. पाच महिन्यांनी. भिंतीला टेकून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मला हसू आलं नाही. दर विज्ञान दिनाला 'अंगात येणे ही अंधश्रद्धा आहे' ही नाटिका मी बसवत आले होते. लेखिका मी, दिग्दर्शिका मी, आणि एका वर्षी मुलगी आजारी पडली म्हणून मांत्रिकही मीच! मी गजाननला फोन लावला. तो वडस्याला नाटकाच्या जाहिरातीसाठी गेला होता.

"गजानन, तू नेमकं काय बोललास?"

"तुम्ही लेहलं तेच, मॅडम. फक्त एक शब्द अवघड होता, तो सोपा केला."

"कोणता?"

"प्रदीर्घ. लोकाईले समजत नाई. भाजीवालीले पुसलं, कप्तानले किती दिवस झाले व? ते म्हणाली पाच महिने. मंग मी म्हटलं, 'आपले लाडके कप्तान, पाच महिन्यांनंतर परत येत आहेत!' बायका रडल्या, मॅडम. एवढं तं नाटकाले बी नाई रडत."

संध्याकाळी मी आणि शोभा घरोघर सांगत फिरलो की कप्तान येणार नाहीत, टीव्हीवर एक कार्यक्रम आहे फक्त. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. आम्ही पुढच्या घरी गेल्यावर मागून ऐकू आलं, "पाह्यलं काय? सांगत नाई ते. खरं असते न, ते कोणी सांगत नसते."

रविवारी साडेपाचला समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा टीव्ही मांडायला मी पोचले तर टेबलाला रांगोळी घातलेली. टीव्ही ठेवला तसा त्याला कोणीतरी हार घातला. मला खुर्ची दिली, खुर्चीवर कोरी घोंगडी. मी घोंगडीवर बसले नाही, तर कुजबुज झाली, "अजून वेळ आहे."

सहा वाजता तीच जुनी धून लागली. सूर ऐकला आणि माझी नजर आपोआप वर गेली. समाजमंदिराला स्लॅब आहे, कवेलू नाहीत. वर कोणी नव्हतं.

मी उठून दोन शब्द बोलायला हवे होते. पण आता पडद्यावर जुन्या मालिकेतली चित्रं यायला लागली होती. आतापर्यंत काय घडलं ते नव्या प्रेक्षकांना दाखवत होते. तरुण कप्तान. यान. ग्रह. आणि मग तो दरवाजा. तो शेवटचा भाग! मी पुढे सरकले. कप्तान दरवाज्यापाशी गेला. त्यानं कडीला हात लावला. दरवाजा बोटभर उघडला.

आणि लाइन गेली.

समाजमंदिराच्या खिडक्या लहान. आत एकदम अंधारलं.  त्या अंधारात पुंडलिकभाऊंचा आवाज आला.

"आले."

मी उभी राहिले. मला खरोखर एवढंच म्हणायचं होतं की मंडळी, कोणी आलेलं नाही, फ्यूज गेलेला आहे. पण अंधार होता, सगळे माझ्याकडे तोंड करून होते, आणि घरी फोटोसमोर बोलायचं म्हणून आठ दिवस घोकलेली वाक्यं तोंडात तयार होती. तीच बाहेर आली.

"मधू, मी तुले खोटं सांगितलं. मी त्या दिवशी पाह्यलंच नाई. पुस्तक वाचून राह्यली होती. अंगण नाई, झाड नाई, तो येतो बी नाई म्हणाला. ते सारं मी बनवलं. तू पस्तीस वर्षं वाट पाह्यली, आन् ते माझ्या मनचं होतं."

कोणीतरी हुंदका दिला. मागच्या रांगेत नारळ फुटला. (तो हातातून पडला होता असं नंतर कळलं.)

मग समोरून शोभा बोलली. रोजच्याच आवाजात, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी.

"त्याईले माहीत होतं, बाई."

"काय?"

"त्या दिवशी वाऱ्यानं दांडा फिरला आन् वायर तुटली. तुटलेलं टोक त्याईच्या हातात होतं. खाली चित्र येईन कुठून? तुम्ही खिडकीतून 'दिसते, दिसते' म्हणून राह्यल्या, आन् ते वर वायर धरून ऐकून राह्यले. वायर आपल्यानं तुटली हे सांगाची हिंमत नाई झाली त्याईची. तुमच्या बाबांचा मार होता न. मले लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच सांगितलं."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"म्हणे, बाईचा शेवट चांगला आहे. सांगितलं तं ते मागं घेईन."

मी घोंगडीवर बसले. जवळ दुसरी खुर्ची नव्हती म्हणून. पण गाव काय समजायचं ते समजलं.

 मग पुंडलिकभाऊ खाकरले.

"कप्तान, ते सारं ठीक आहे. पण पाच महिने झाले, इकडची लाइन गेली का दोन दोन दिवस येत नाई. नवीन वायरमनले समजत नाई. खांबावरच्या डीपीत नेमकं काय होते, तेवढं सांगून जा."

मी तोंड उघडायच्या आत शोभा म्हणाली, "वरून दुसरा फ्यूज. सैल आहे तो. जेवताना रोज तेच बोलत, मले पाठ झालं."

नवा वायरमन गर्दीतच होता. तो धावत गेला. वीस मिनिटांत लाइन आली.

टीव्ही लागला तेव्हा पडद्यावर नावं वर सरकत होती. भाग संपला होता.

तीनशे माणसांपैकी एकालाही त्याचं काही वाटलं नाही. कप्तान आले, बहिणीशी बोलले, फ्यूज सांगितला, लाइन आली! मी उठून म्हटलं की फ्यूज शोभानं सांगितला. लोक म्हणाले, "हाव न मॅडम, शोभाच्या तोंडून सांगितला." माझ्या नाटिकेत याच जागी मांत्रिक पकडला जातो.

बाहेर पडताना बुधाबाईनं मला थांबवलं. "मॅडम, तो दरवाजा उघडला होता. मंग? मागं काय होतं?"

मला माहीत नव्हतं. आयुष्यात दोनदा तो दरवाजा माझ्यासमोर उघडला. एकदा मी पुस्तकात होते, एकदा लाइन गेली.

"अंगण होतं," मी म्हटलं. "मोहाचं झाड होतं."

"हाव," बुधाबाई म्हणाली. "तेच असन."

या गोष्टीला आता वर्ष होईल. तो भाग मोबाइलवर केव्हाही बघता येतो असं शोभा सांगते. मी बघितलेला नाही. विज्ञान दिनाची नाटिका आता दुसरी मॅडम बसवते. पुंडलिकभाऊंनी शिडी पुन्हा नेली आहे. घरात मी आहे आणि शोभा आहे. आम्ही दोघी आता बोलतो. कवेलूंच्या जागी आता गच्ची आहे; तिथं जुनी अँटेना उभी आहे, तिला वायर नाही. रविवारी सहा वाजता मी तिथं वाचत बसते, शोभा खालून विचारते, "दिसते काय, बाई?" आणि मी पुस्तकातून मान वर न काढता सांगते, "दिसते, दिसते."